टेक्ससमधलं घर, अप्रेझलची नोटीस आणि १५ मे

एप्रिलच्या सुमारास टेक्ससमधल्या घरमालकांना काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाचं, एक पत्र येतं. हे बिल नाही, पैसे भरू नका, असं त्यावर ठळक छापलेलं असतं, म्हणून बऱ्याच घरांत ते तसंच बाजूला पडतं. ऑक्टोबरात खरं बिल येतं तेव्हा डोळे उघडतात. दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत त्यावर भरपूर बोलणं होतं, पण तोवर हरकत घेण्याची मुदत संपून पाच महिने उलटलेले असतात. बिलावर भांडता येत नाही. भांडता येतं ते एप्रिलच्या त्या पत्रातल्या आकड्यावर, आणि त्याची साधारण शेवटची तारीख १५ मे. नोटीस उशिरा निघाली असेल तर ती निघाल्यापासून ३० दिवस. दोन्हींपैकी जी तारीख नंतरची, ती धरायची.

टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही. शाळा, काउंटी, शहर, आणि नव्या वस्त्यांमध्ये पाणी-सांडपाण्याचं ‘मड’ डिस्ट्रिक्ट, हे सगळे आपला मोठा खर्च घराच्या करातून भागवतात. सगळे दर मिळून कर घराच्या मूल्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास जाणं ह्यूस्टन किंवा डॅलसच्या उपनगरांत नवं नाही. साडेपाच लाखांच्या घराला वर्षाला दहा-अकरा हजार डॉलर. कर्ज फिटल्यावरही ही रक्कम सुटत नाही. म्हणून मूल्याचा आकडा बरोबर आहे की नाही हे दरवर्षी तपासणं घरमालकाचं कामच आहे असं मला वाटतं.

आपल्या लोकांमध्ये याबद्दल एक संकोच दिसतो. सरकारी कागदावर छापून आलेला आकडा म्हणजे ठरलेली गोष्ट, असं आपण धरून चालतो. व्हिसावर असलेल्यांना तर वाटतं, उगाच काउंटीशी वाद कशाला? या हरकतीचा इमिग्रेशनशी काडीचाही संबंध नाही. एकट्या ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत अशा हरकती दरवर्षी लाखोंनी दाखल होतात. अर्जाला फी नाही. आणि ‘हरकत घेतली तर चिडून आकडा वाढवतील’ ही भीतीही निराधार आहे. डिस्ट्रिक्टने नोंदवलेल्या मूल्यापेक्षा जास्त मूल्य हरकती ऐकणाऱ्या रिव्ह्यू बोर्डाला मालकाच्या संमतीशिवाय ठरवता येत नाही, असं २०१९ पासून कायद्यातच आहे.

पत्र हातात आलं की आधी त्यातले तीन आकडे वेगळे करा. पहिला मार्केट व्हॅल्यू, म्हणजे त्या वर्षी १ जानेवारीला तुमचं घर बाजारात कितीला गेलं असतं याचा डिस्ट्रिक्टचा अंदाज. दुसरा अप्रेझ्ड व्हॅल्यू, म्हणजे वाढीची कायदेशीर मर्यादा लावून उरलेला आकडा. तिसरा टॅक्सेबल व्हॅल्यू, म्हणजे सवलती वजा करून ज्यावर प्रत्यक्ष कर लागतो तो. शाळेसाठी वेगळा, शहरासाठी वेगळा. प्रोटेस्ट, म्हणजे ही हरकत, करून पैसे वाचतील की नाही हे या तिघांच्या नात्यावर ठरतं.

त्याआधी होमस्टेडचं बघा. तुम्ही स्वतः राहता ते घर होमस्टेड म्हणून नोंदवलेलं नसेल तर प्रोटेस्ट दुय्यम आहे. २०२५ च्या करवर्षापासून शाळेच्या करात होमस्टेडची सवलत १ लाख ४० हजार डॉलर झाली आहे. शाळेचा दर शंभर डॉलरला एक डॉलर धरला तर वर्षाला १,४०० डॉलर वाचतात, तेही कुणाशी वाद न घालता. अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडेच करायचा, फुकट. तो भरून देण्यासाठी पैसे मागणारी पत्रं सरकारी वाटावीत अशा छपाईत येतात, ती सरळ टाकून द्या. ग्रीन कार्डची किंवा नागरिकत्वाची वाट बघायची गरज नाही. घर तुमच्या नावावर हवं, तुम्ही तिथे राहत असायला हवं, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता हवा. या शेवटच्या अटीवर बरेच अर्ज परत येतात, कारण घर घेतल्यावर लायसन्सवरचा पत्ता बदलायचा राहून जातो. अर्ज राहिलाच असेल तर साधारण दोन वर्षं मागे जाऊनही करता येतो.

पासष्टी ओलांडलेल्यांना शाळेच्या करात आणखी ६० हजारांची सवलत आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळेच्या कराची रक्कम तिथेच गोठते. ऐंशीच्या दशकात ह्यूस्टनला आलेली आपली पिढी आता या वयाची आहे. आई-वडिलांचं किंवा काका-काकूंचं इथे स्वतःचं घर असेल तर हा अर्ज झालाय का, हे एकदा विचारा. वय झालं की आपोआप लागू झालं असेल, असं समजून कित्येक जण थांबलेले असतात.

होमस्टेडसोबत वाढीची मर्यादाही येते. अप्रेझ्ड व्हॅल्यू वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, नवं बांधकाम सोडून. ही मर्यादा सवलत मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून लागते, म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा फार महत्त्वाचा. पुढची प्रत्येक १० टक्क्यांची वाढ त्याच्यावर मोजली जाणार असते. घर नवीन घेतलेल्यांनी एकच वर्ष मेहनत करायची ठरवली, तर ते हे वर्ष असावं. भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घराला १० टक्क्यांची मर्यादा नाही. ५० लाख डॉलरच्या आसपासच्या किंवा त्याखालच्या अशा मालमत्तांना २० टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती २०२४ ते २०२६ या तीनच करवर्षांसाठी आणलेली आहे.

आता हिशेब करू. उदाहरण म्हणून एक घर घ्या: मार्केट व्हॅल्यू ५ लाख ६० हजार. पुरावे बघता ते ५ लाख ३३ हजारांवर यायला हवं, असं तुमचं म्हणणं आहे. सगळे दर मिळून २.१ टक्के. मर्यादा लागू नसेल तर २७ हजारांच्या कपातीवर साधारण ५६५ डॉलर वाचतील. मर्यादा लागू असेल आणि गेल्या वर्षीचा अप्रेझ्ड आकडा ५ लाख असेल, तर यंदाचा अप्रेझ्ड आकडा आधीच ५ लाख ५० हजारांवर अडलेला आहे. तो ५ लाख ३३ हजार झाला तर १७ हजारांवरचा कर, साडेतीनशे डॉलरच्या आसपास, वाचेल. पण गेल्या वर्षी अप्रेझ्ड आकडा ४ लाख ७० हजार होता असं धरा. मग यंदाची कमाल ५ लाख १७ हजार. मार्केट व्हॅल्यू ५ लाख ६० हजारांवरून ५ लाख ३३ हजारांवर आणून यंदा एक डॉलरही वाचणार नाही. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे गणित प्रोटेस्टच्या आधी करावं. पुरावे हाताशी असतील तर तरीही अर्ज करायला हरकत नाही, पण अशा वर्षी प्रोटेस्ट करून देणाऱ्या एजंटला पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही.

डिस्ट्रिक्टने तुमचं घर आतून पाहिलेलं नसतं. लाखो घरांचं मूल्य एकाच वेळी, नोंदींच्या आधारे ठरतं: लिव्हिंग एरिया, बांधकामाचं वर्ष, दर्जा, स्थिती, स्विमिंग पूल आहे की नाही, वस्तीचा कोड. हे सगळं डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकून दिसतं, घराच्या नकाशाच्या बाह्यरेषेसकट. पहिली चूक इथेच सापडते. टेक्ससमधल्या दुमजली घरांमध्ये हॉलवर किंवा प्रवेशाच्या जागेवर उंच, वरपर्यंत मोकळं छत असतं. त्या मोकळ्या भागाला वरच्या मजल्यावर जमीनच नसते, पण बाहेरून मापं घेताना तो वरच्या मजल्याच्या क्षेत्रफळात मोजला जाऊ शकतो. वीस फूट बाय अठरा फुटांचा हॉल असेल तर ते ३६० चौरस फूट झाले. चौरस फुटाला दीडशे डॉलर धरले तर ५४ हजार. बिल्डरने दिलेला फ्लोअर प्लॅन काढा, नोंदीतल्या मापांशी ताडून बघा. अशी चूक निघाली तर ती एकदाच मांडायची, आणि नोंद दुरुस्त झाली की दरवर्षी फायदा.

नोंदी ठीक असतील तर प्रोटेस्टचे दोन मुख्य आधार उरतात, आणि अर्जावर दोन्ही चौकटींत खूण करायची. एक, मार्केट व्हॅल्यू जास्त लावली आहे. दोन, माझ्यासारख्या इतर घरांच्या तुलनेत माझ्या घराला असमान मूल्य लावलं आहे. ज्या आधारावर खूण नाही, तो सुनावणीत ऐकून घेतलाच जाईल याची खात्री नाही.

पहिल्या आधारासाठी विक्रीचे पुरावे लागतात. टेक्ससमध्ये घराची विक्रीकिंमत सरकारला कळवण्याची सक्ती नाही, म्हणून डिस्ट्रिक्टकडेही सगळ्या विक्रींची माहिती नसते. तुम्ही गेल्या वर्षात घर घेतलं असेल आणि नोटिशीतला आकडा तुम्ही मोजलेल्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर क्लोजिंगचा कागद हाच सर्वांत भक्कम पुरावा. नव्या वस्त्यांत बिल्डरने व्याजदर खाली आणून दिलेला असतो, क्लोजिंगचा खर्च उचललेला असतो. ती सवलत वजा केल्यावर खरी किंमत किती, हे कागदासह दाखवा. घर आधीच घेतलेलं असेल तर ओळखीच्या रिअल्टरकडून त्याच वस्तीतल्या, १ जानेवारीच्या आसपास झालेल्या तीन-चार विक्रींची माहिती मागा. ऑस्टिनकडे २०२२ च्या उन्हाळ्यानंतर किमती उतरल्या, तेव्हा हा आधार तिथल्यांच्या खूप उपयोगी पडला.

घराच्या अवस्थेचाही इथेच विचार होतो. डॅलस असो की ह्यूस्टन, खालची जमीन चिकणमातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया सरकतो, विटांत जिन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या भेगा पडतात, दारं चौकटीत अडकू लागतात. डॅलसकडे गारपिटीने छपराची वाट लागते. या गोष्टी बोलून भागत नाही. भेगेचा फोटो पट्टी लावून, तारखेसह काढा, आणि फाउंडेशनची किंवा रूफिंगची कामं करणाऱ्याकडून दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट घ्या. दोष १ जानेवारीला होता हे त्यावरून दिसायला हवं. मार्चमध्ये पडलेल्या गारांचा त्या वर्षीच्या मूल्याशी संबंध लावला जात नाही. स्वयंपाकघर जुनं आहे, कार्पेट मळलंय, अशा तक्रारींना फारसं वजन मिळत नाही.

दुसरा आधार, असमान मूल्याचा. माझ्या मते सामान्य घरमालकासाठी हाच खरा आधार आहे, आणि नेमका हाच लोक वापरत नाहीत. कारण त्याला ना रिअल्टर लागतो, ना विक्रीची गुप्त माहिती. शेजाऱ्यांच्या घरांच्या सगळ्या नोंदी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर उघड्या असतात. कायदा म्हणतो, तुलना करता येण्याजोग्या, वाजवी संख्येतल्या घरांची मूल्यं योग्य फेरफार करून काढा. त्यांच्या मध्यकापेक्षा तुमचं मूल्य जास्त असेल तर ते खाली आणायला हवं. बाजारात घर त्या किमतीला विकलं गेलं असतं की नाही हा प्रश्नच इथे येत नाही. भाव चढत असलेल्या वर्षी, जेव्हा पहिल्या आधारावर काही हाती लागत नाही, तेव्हाही हा आधार टिकतो.

इथे एक गफलत हमखास होते. शेजारच्याचा कर कमी दिसतो म्हणून लोक त्याचा अप्रेझ्ड किंवा टॅक्सेबल आकडा घेऊन जातात. तो पंधरा वर्षं तिथे राहतो, त्याला १० टक्क्यांची मर्यादा लागलेली आहे, कदाचित पासष्टीची सवलतही आहे. तुलना फक्त मार्केट व्हॅल्यूच्या रकान्याशी करायची.

वरचंच घर घ्या, २,८०० चौरस फुटांचं, २०१२ मध्ये बांधलेलं, पूल नसलेलं. ५ लाख ६० हजारांपैकी जमिनीचे १ लाख १० हजार, घराचे ४ लाख ५० हजार. घराचा दर चौरस फुटाला साधारण १६१ डॉलर. आता त्याच वस्तीतली, त्याच बिल्डरची, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे बांधलेली, क्षेत्रफळात दहा टक्क्यांच्या आतबाहेरची पाच घरं शोधा. प्रत्येकाच्या मार्केट व्हॅल्यूमधून जमीन वजा करा. ज्याला पूल आहे त्यातून पुलाचीही किंमत वजा करा, नोंदीत डिस्ट्रिक्टने जी लावली आहे तीच. उरलेल्याला क्षेत्रफळाने भागा. समजा दर आले १५०, १५१, १५१, १५३ आणि १५६. मधला आकडा १५१. त्याला २,८०० ने गुणा, जमिनीचे १ लाख १० हजार मिळवा. ५ लाख ३२ हजार ८००. ही झाली तुमची मागणी, आणि ती डिस्ट्रिक्टच्याच आकड्यांवर उभी आहे.

घरं निवडताना फक्त स्वस्तातली उचलू नका. रिव्ह्यू बोर्डाच्या पॅनेलवरची माणसं दिवसभर हेच बघत असतात, त्यांना ते लगेच कळतं. वर १५६ दराचं एक घर मुद्दाम ठेवलं आहे. ते असल्यामुळे बाकीच्या चारांवरचा विश्वास वाढतो. लहान घराचा चौरस फुटाचा दर मोठ्या घरापेक्षा स्वाभाविकच जास्त असतो, म्हणून २,८०० च्या घराशी १,९०० चं किंवा ३,८०० चं घर जुळवायला जाऊ नका.

अर्ज ऑनलाइन भरता येतो. नोटिशीवर त्यासाठीचा क्रमांक छापलेला असतो. नोटीस आलीच नाही तरी वेबसाइटवर यंदाचा आकडा बघून अर्ज करा. पत्र वाटेत हरवलं असेल, पण १५ मे थांबत नाही. अर्जासोबत पुरावे लगेच जोडले नाहीत तरी चालतं. मात्र एक मागणी त्याच दिवशी लेखी करून ठेवा: टॅक्स कोडच्या कलम ४१.४६१ नुसार सुनावणीत डिस्ट्रिक्ट जे पुरावे मांडणार आहे त्यांची प्रत. ती सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी आणि फुकट मिळायला हवी. मागूनही दिली नाही, तर ते पुरावे डिस्ट्रिक्टला सुनावणीत वापरता येत नाहीत. ही प्रत नीट वाचा. त्यात डिस्ट्रिक्टने स्वतः निवडलेली तुलनेची घरं असतात, आणि त्यांचा मध्यक तुमच्या नोटिशीतल्या आकड्यापेक्षा खाली असणं दुर्मीळ नाही. तसं निघालं तर तुमचा अर्धा युक्तिवाद तिथेच तयार झाला.

सुनावणीआधी बहुतेक काउंट्यांत डिस्ट्रिक्टच्या अप्रेझरशी अनौपचारिक बोलणं होतं, फोनवर, व्हिडिओवर किंवा कार्यालयात. हॅरिस काउंटीत ऑनलाइन तडजोडीचा आकडा पाठवण्याची पद्धत आहे. या टप्प्यावर बरीच प्रकरणं मिटतात. अप्रेझर तुमचा शत्रू नाही. त्याच्यापुढे दिवसभर माणसं आणि फाइली येत असतात, आणि ज्याच्या कागदांवर पहिल्याच पानावर मागणीचा आकडा आणि तुलनेचा तक्ता आहे त्याचं काम तो पटकन उरकतो. पण समोर आलेला आकडा मान्य करून सही केली की विषय संपला, पुढे दाद मागता येत नाही. म्हणून कमीत कमी किती मान्य करायचं हे घरून ठरवून जा.

तडजोड झाली नाही तर अप्रेझल रिव्ह्यू बोर्ड. हे बोर्ड डिस्ट्रिक्टच्या कर्मचाऱ्यांचं नाही, काउंटीत राहणाऱ्या सामान्य लोकांचं असतं. सुनावणीची सूचना किमान १५ दिवस आधी येते. तारीख जमत नसेल आणि तुम्ही एजंट नेमला नसेल, तर कारण न सांगता एकदा पुढे ढकलता येते. भारतात सुट्टीवर गेलेले असाल तर टेलिफोनवरून, व्हिडिओवरून किंवा शपथपत्र पाठवूनही बाजू मांडता येते, फक्त ते आधी लेखी कळवायचं.

खोलीत एक टेबल, पलीकडे पॅनेलचे तिघे, एका बाजूला डिस्ट्रिक्टचा अप्रेझर, समोर स्क्रीन. सुरुवातीला शपथ. वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. कागदांच्या पाच प्रती न्या: तिघांना तीन, अप्रेझरला एक, स्वतःला एक. प्रत्येक पानाला क्रमांक टाका, म्हणजे ‘तिसऱ्या पानावर दुसरं घर’ असं बोट ठेवून सांगता येतं. दोन बाजूंपैकी पुराव्याचा भार मुळात डिस्ट्रिक्टवर असतो, ही गोष्ट लक्षात असू द्या, पण ती बोलून दाखवत बसू नका. पहिल्याच वाक्यात मागणी सांगा: १ जानेवारीला माझ्या घराचं मूल्य ५ लाख ३२ हजार ८०० असायला हवं, दोन कारणांनी. मग कारणं. शेवटी आकडा पुन्हा. आकडा न सांगता ‘कमी करा’ म्हणणाऱ्याचं पॅनेल काय करणार?

काय बोलू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. दोन वर्षांत कर किती वाढला, नोकरी गेली, शाळेने पैसे उधळले, निवृत्तीनंतर परवडत नाही. ही दुःखं खरी आहेत, आणि मला त्यांची कळकळ आहे, पण पॅनेलला दर ठरवण्याचा किंवा कुणाची परिस्थिती बघून सूट देण्याचा अधिकारच नाही. कराचे दर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शाळेचं बोर्ड, शहराचं कौन्सिल आणि काउंटी ठरवतात, तेव्हा त्यांच्या जाहीर सभा होतात. ती तक्रार तिथे न्यायची. पाच मिनिटं तिथे बोलायला आपल्यातले फार थोडे जातात.

निकालाचं पत्र नंतर येतं. बोर्डाने आकडा खाली आणला असेल तर पुढच्या वर्षी तो पुन्हा चढवायला डिस्ट्रिक्टला नेहमीपेक्षा भक्कम पुरावा लागतो, म्हणून हे पत्र जपून ठेवा. निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत जिल्हा न्यायालयात जाता येतं किंवा लवादाकडे. साध्या घरासाठी लवादच परवडतो. ५ लाखांपर्यंतच्या होमस्टेडला ४५० डॉलरची ठेव भरावी लागते. लवादाचा निकाल डिस्ट्रिक्टपेक्षा तुमच्या आकड्याच्या जवळ आला तर थोडा प्रशासकीय खर्च वजा करून ती परत मिळते. शंभर-दोनशे डॉलरच्या फरकासाठी मी तिथे जाणार नाही.

बऱ्याच जणांना हे सगळं स्वतः करायला वेळ नसतो, आणि टक्क्यांवर काम करणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत. त्यात गैर काही नाही. सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. फी कशावर, मार्केट व्हॅल्यूच्या कपातीवर की प्रत्यक्ष वाचलेल्या करावर? वर पाहिलं तसं, मर्यादा लागलेल्या घरात कपात होऊनही कर तेवढाच राहू शकतो. करार एका वर्षाचा की रद्द करेपर्यंत चालू राहणारा? आणि तडजोड मान्य करण्याआधी ते तुम्हाला विचारणार की परस्पर सही करणार? भाड्याच्या चार घरांचा मालक असेल तर एजंट सोयीचा. एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबाला दोन संध्याकाळींत हे काम स्वतः जमतं, आणि पुढच्या वर्षी त्याच तक्त्यात नवे आकडे भरले की झालं.

१५ मे हुकलाच तर? आजारपणासारखं सबळ कारण असेल तर बोर्डाने त्या वर्षीच्या नोंदी मंजूर करण्याआधी, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापर्यंत, उशिरा अर्ज करता येतो. त्यानंतरही, मूल्य फारच जास्त लावलेलं असेल, होमस्टेडला एक चतुर्थांशाहून आणि इतर मालमत्तेला एक तृतीयांशाहून जास्त, तर कर थकीत होण्याआधी दुरुस्तीचा अर्ज चालतो. त्याला दंड आहे. क्षेत्रफळाची किंवा कारकुनी चूक असेल तर मागच्या पाच वर्षांपर्यंतच्या दुरुस्तीचा मार्ग मोकळा असतो. म्हणून त्या उंच छताच्या हॉलचं माप आज काढलं तरी उशीर झालेला नाही.

प्रोटेस्ट जिंकल्यावर जूनमध्येच मॉर्गेजचा हप्ता कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. बँक वर्षातून एकदा एस्क्रोचा, म्हणजे हप्त्यातून करासाठी बाजूला काढलेल्या पैशांचा, हिशेब करते, फरक तेव्हा दिसतो. नव्या घरवाल्यांनी तर उलट तयारी ठेवावी. १ जानेवारीला बांधकाम अर्धंच झालेलं असेल, तर पहिल्या वर्षीचा कर जवळपास जमिनीवरच लागतो आणि हप्ता छान वाटतो. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं मूल्य लागतं, एस्क्रोत तूट निघते, आणि हप्ता महिन्याला काहीशे डॉलरनी चढतो. प्रॉस्पर, सायप्रस, लिअँडरकडे नवं घर घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच वर्षी हा फरक बाजूला टाकून ठेवावा, आणि दुसऱ्या वर्षीची नोटीस आली की त्याच दिवशी वर सांगितलेला पाच घरांचा तक्ता करायला घ्यावा.